टेनिस एल्बो: नुसत्या विश्रांतीने का भागत नाही
कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखतं, पण ताण येतो मनगट उचलणाऱ्या स्नायूंमुळे. त्यांचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) तिथेच चिकटलेला असतो. हात पूर्ण बंद ठेवला तर टेंडन आणखी कमकुवत होतो. त्याला हवा मोजका भार.

दुखरा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. त्या हातात अर्धा किलो वजन धरा, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या, मग दुखऱ्या हाताने 4-5 सेकंदांत सावकाश खाली सोडा. 15 वेळा, तीन फेऱ्या, रोज. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंत दुखणं चालेल. सकाळी जास्त ठणकलं तर वजन कमी करा. फरक जाणवायला 6 ते 12 आठवडे लागतात, आणि बरेच जण त्याआधीच कंटाळतात!

पिशवी उचलताना तळवा वर ठेवा. टेनिस एल्बोचा पट्टा वापरत असाल तर तो हाडावर नको, मनगटाच्या दिशेने दोन बोटं खाली बांधा. बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.