कॅननवरून निकॉनवर आलात? आधी डायलची दिशा उलटवून घ्या

नवा निकॉन कॅमेरा हातात आला की त्याची डायल (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची चाकं) कॅननच्या उलट चालतात, पण बोटं जुन्याच सवयीने फिरतात आणि नेमक्या हार घालायच्या क्षणी फोटो काळा येतो, माझ्या भाचीच्या लग्नात तेच झालं.

१. कस्टम सेटिंग मेनूत 'एफ' गटात जा.
२. कमांड डायलच्या कस्टमाइझमध्ये 'रिव्हर्स रोटेशन' निवडा, आणि जमलं तर त्याच गटातलं 'रिव्हर्स इंडिकेटर्स' पण बघून घ्या, म्हणजे उजेडाच्या पट्टीवर प्लस-मायनस कुठल्या बाजूला दिसावं ते तुमच्या हातात.
३. घरातच पंचवीस-तीस फोटो काढून बघा.

फक्त लेन्स बसवायची दिशा मेनूतून बदलत नाही हं, समोरून बघितलं तर कॅननची घड्याळाच्या काट्यासारखी बसते, निकॉनची उलटी. अडली तर जोर लावू नका, पांढरा ठिपका परत जुळवा.