अंगणात उडवायला आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारं विमान घेताय?

पहिल्याच विमानाला फायटर जेटच्या नादी लागू नका, दिसायला भारी पण स्पीड कमी केला की खालीच येतं. हाय विंगवालं, म्हणजे पंख बॉडीच्या वर असलेलं, ईपीपी या लवचिक फोमचं आणि बॅटरीसकट ५०-६० ग्रॅमच्या आतलं बघा, जेवढं हलकं तेवढं हळू उडतं, छोट्या जागेत वळतं आणि आपटलं तरी फोम वाकून परत सरळ होतो. चॅनल, म्हणजे रिमोटवरचे वेगवेगळे कंट्रोल, तीन पुरेत: थ्रॉटल (मोटरचा स्पीड), रडर (डावी-उजवीकडे वळवायला), एलेव्हेटर (नाक वर-खाली करायला). दोन चॅनलवाली स्वस्त असतात पण त्यात एलेव्हेटर नसतो, मला नाही आवडत. एक सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या दोन-तीन जास्तीच्या घ्याच. माझं पहिलं विमान भर दुपारच्या वाऱ्यात उडवलं आणि शेजारच्यांच्या आंब्यावर दोन दिवस लटकलं, तेव्हा सकाळी पान हलत नसेल तेव्हाच काढा. आणि हो, स्पेअर प्रोपेलर मिळतो का ते आधी विचारा.