ऑटोमॅटिक स्प्रे गन: सेटिंगचा क्रम आणि रोजची निगा

हातात गन धरलेला पेंटर जॉबकडे, म्हणजे रंगवायच्या वस्तूकडे, बघत मनगट वळवतो, अंतर सांभाळतो, वेळेवर ट्रिगर सोडतो. कन्व्हेयरवरची ऑटोमॅटिक गन यातलं काहीच करत नाही. सेटिंगमध्ये राहिलेली चूक ती प्रत्येक जॉबवर जशीच्या तशी उमटवते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ट्रिगरची हवा, मग रंगाचा प्रवाह आणि सगळ्यात शेवटी फवाऱ्याची हवा, म्हणजे रंगाचे बारीक थेंब करणारी. रंग नीट बसेना की बहुतेक जण पहिला हात हवेच्या रेग्युलेटरला घालतात. तिथेच गाडी चुकते.

ट्रिगरची हवा. गनच्या मागच्या सिलिंडरमधला पिस्टन हवेने मागे सरकतो आणि निडल (रंगाची वाट उघड-बंद करणारी सुई) उघडते. हवा गेली की स्प्रिंग निडल बंद करते. बहुतेक गनना इथे ४ ते ५ बार लागतात, नेमका आकडा गनच्या माहितीपत्रकात असतो. दाब कमी पडला तर निडल अर्धवट उघडते आणि प्रवाह दर वेळी वेगळा येतो. ही हवा विजेवर सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ३/२ प्रकारचाच (तीन तोंडं, दोन स्थिती) हवा. २/२ लावला तर बंद केल्यावर नळीतली हवा अडकून राहते आणि गन गळत राहते. व्हॉल्व्ह गनच्या शक्य तितका जवळ बसवा. रेसिप्रोकेटरचा (गन वर-खाली फिरवणाऱ्या यंत्राचा) वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर ०.२ सेकंदांचा उशीर म्हणजे १० सेंटिमीटर कोरा पट्टा. फवाऱ्याची हवा वेगळ्या व्हॉल्व्हवर असेल, तर ती निडलच्या आधी सुरू व्हावी आणि निडलनंतर बंद व्हावी. नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी जाड थेंब पडतात.

रंग. आधी व्हिस्कॉसिटी, म्हणजे रंगाचा घट्टपणा. फोर्ड कप बी-४ (तळाला छिद्र असलेला मोजणीचा कप) रिकामा व्हायला १८ ते २२ सेकंद ही टॉपकोटसाठी चांगली सुरुवात आहे; रंग कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. सकाळचा गार रंग दुपारी पातळ होतो, म्हणून मोजणी दिवसातून निदान दोनदा. नोझलचं (रंग बाहेर पडायच्या तोंडाचं) छिद्र फिनिशला १.० ते १.४ मिलिमीटर, प्रायमरला १.८ च्या आसपास.

आता फवाऱ्याची हवा पूर्ण बंद करून गन ३० सेकंद मोजपात्रात सोडा. १०० मिलिलिटर जमले तर प्रवाह मिनिटाला २०० मिलिलिटर. तो कमी-जास्त करायचा प्रेशर पॉटच्या (हवेच्या दाबाखालच्या रंगाच्या टाकीच्या) दाबाने. मागचा निडल नॉब जवळजवळ बंद ठेवून प्रवाह दाबू नका: अरुंद फटीतून रंगद्रव्य घासत जातं, निडल आणि नोझल दोन्ही लवकर झिजतात. नॉब बराच मोकळा ठेवल्यावर प्रवाह जास्तच येत असेल, तर नोझल एक माप लहान घ्या.

फवारा. फवाऱ्याची हवा कमी दाबापासून वाढवत न्या आणि थेंब बारीक, एकसारखे झाले की थांबा. त्यापुढचा दाब रंग जॉबवर न बसवता बूथमध्ये उडवतो आणि पृष्ठभाग कोरडा, खरबरीत करतो. मग फॅनची हवा, म्हणजे फवारा चपटा पसरवणारी. गन वर-खाली फिरत असेल तर एअर कॅपची (नोझलवरच्या हवेच्या टोपीची) पुढे आलेली दोन शिंगं वर आणि खाली हवीत, म्हणजे फवारा आडवा पसरतो. अंतर १५ ते २० सेंटिमीटर, गन जॉबला काटकोनात.

पट्ट्यांचा ५० टक्के ओव्हरलॅप हवा. फवारा २५ सेंटिमीटर रुंद आणि कन्व्हेयर मिनिटाला १.५ मीटर धरला, तर जॉब ५ सेकंदांत १२.५ सेंटिमीटर सरकतो. गनची वर-खाली पूर्ण फेरी तेवढ्यात संपली पाहिजे. ठरलेले आकडे बूथबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवा, रंगागणिक वेगळे.

बिघाड ओळखताना आधी पुठ्ठ्यावर फवारा मारा. तो चंद्रकोरीसारखा किंवा एका बाजूला जड आला तर एअर कॅप १८० अंश फिरवून पुन्हा मारा. दोषही फिरला तर कॅपचं छिद्र तुंबलं आहे. जागेवरच राहिला तर दोष नोझलमध्ये किंवा निडलमध्ये. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जड म्हणजे रंगाच्या मानाने हवा जास्त. मध्येच जाड म्हणजे हवा कमी किंवा रंग घट्ट. फवारा थुंकल्यासारखा तुटत असेल तर रंगाच्या वाटेत हवा शिरते आहे: पॉट रिकामा होत आलाय, नोझल सैल आहे किंवा निडलचं पॅकिंग (तिच्याभोवतीचं सील) सुकलंय. गन बंद असताना टोकाला थेंब येत असेल तर पॅकिंगचा नट जास्त आवळलेला आहे का ते आधी पाहा. निडल झिजल्याचा संशय त्यानंतर.

पावसाळ्यात भोसरी-चाकण पट्ट्यातल्या जॉबशॉपमध्ये पृष्ठभागावर खड्डे दिसू लागले की रंगाला दोष देण्याआधी हवेच्या लाईनमध्ये पाणी आलंय का ते पाहा. कॉम्प्रेसरची टाकी आणि फिल्टरचा बाउल रोज सुरुवातीलाच ड्रेन करा. निडल आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस अजिबात लावू नका. त्याचा अंशसुद्धा तसेच खड्डे पाडतो.

सफाई. पॉटचा दाब सोडूनच झाकण उघडा, गन आणि पॉट अर्थ केलेले असू द्या. टू-पॅक रंग (हार्डनर मिसळून वापरायचा) पॉट लाइफ संपण्याआधी, म्हणजे घट्ट होण्याआधी, लाईनमधून काढून थिनर फिरवा. या रंगांसाठी साधा कापडी मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मिथिलिन क्लोराइडसारखे क्लोरीनयुक्त सॉल्व्हेंट ॲल्युमिनियमच्या गनमध्ये वापरू नका, रासायनिक क्रियेने स्फोट होऊ शकतो. एअर कॅप काढून थिनरमध्ये भिजवा, नायलॉन ब्रशने घासा. छिद्रात तार घालू नका, लाकडी काडी पुरे. अख्खी गन मात्र बुडवायची नाही: सील फुगतात आणि मळ हवेच्या वाटेत जाऊन बसतो.

नोझल सोडवताना ट्रिगरची हवा देऊन निडल मागे घ्या, म्हणजे सीटला ओरखडा जात नाही. बदलताना निडल आणि नोझल जोडीनेच बदला. पॅकिंगचा नट बोटांनी बसवून पाव फेरा आवळा, आणि निडल स्प्रिंगच्या जोरावर झटकन परत येते ना ते पाहूनच गन लाईनवर चढवा.