खाडीतली लाकडी होडी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ठाणे खाडीत स्वतःच्या हातांनी बांधलेली होडी चालवावी, अशा इच्छेने माझ्याकडे येणारे तरुण पहिला प्रश्न लाकडाचा विचारतात. मी त्यांना आधी महिनाभर पंचांग घेऊन बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर उभे राहायला सांगतो, कारण मला होडी बांधायला शिकवणाऱ्या कोळीवाड्यातल्या काकांनीही तेच करून घेतले होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत जावे तसतशी भरती थोडी उशिरा पोचते, हे मात्र जागेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

हा हिशेब मी एकदा दुर्लक्षिला आणि भरतीनंतर तीन तासांनी माझी होडी ऐरोलीच्या खाली गाळात टेकली. पाणी पुन्हा त्याच पातळीला येते ते पुढच्या भरतीच्या तीन तास आधी, आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे साडेसहा तास मी होडीतच बसून राहिलो. अशा वेळी खाली उतरून ढकलू नये, माणूस कमरेपर्यंत रुततो. उधाणाच्या ऐन भरतीला होडी टेकली तर त्याहून वाईट, कारण पुढची प्रत्येक भरती उतरत जाते आणि होडी कित्येक दिवस अडकते. म्हणून अनोळखी भागात पाणी चढत असतानाच जावे.

होडी सपाट तळाची, साधारण चार मीटरची पुरे. ओहोटीत ती कलत नाही, पण आडव्या वाऱ्यात बाजूला सरकते. ते रोखण्यासाठी मधोमध पाण्यात सोडायची फळी बसवतात. ती खिळीवर फिरणारी असावी, म्हणजे गाळाला लागताच आपोआप वर उचलली जाते. सरळ खाली घातलेली फळी अडते आणि तिचा खाचा तडकतो. मात्र फिरत्या फळीच्या खाच्यात गाळ साचतो, म्हणून तो दर फेरीनंतर धुवावा लागतो. सुकाणूही असेच वर उचलता येणारे करावे.

साग परवडत नसेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मार्क असलेले मरीन प्लायवूड घ्यावे. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली नाही तर पाणी तिथूनच आत शिरते. फळ्यांची होडी वैशाखाच्या उन्हात सुकली की सांधे उघडतात, त्यामुळे ती ओल्या गोणपाटाखाली ठेवावी, आणि पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस झिरपली तर घाबरू नये, लाकूड फुगून सांधे मिटतात.

शीड शिकायला हिवाळ्यातली सकाळ उत्तम, तेव्हा मतलई वारा हलका असतो. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो. लाइफ जॅकेट प्रत्येक वेळी अंगावर हवेच. ऐरोली ते वाशी पुलांमधला खाडीचा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, तेव्हा तिथे शीड उभारण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे परवानगीची चौकशी करावी.