जुन्या घराची न्हाणी नवी करताना आधी अर्थिंग, मग टाइल्स

धुळे-जळगावकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत अर्थिंगची तार (उपकरणातून गळणारा करंट जमिनीत नेणारी) पुष्कळदा पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली सापडते. न्हाणीचं काम निघालं की प्लंबर तो पाइप काढून सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) टाकतो आणि त्याच दिवशी सगळ्या घराचं अर्थिंग जातं. दिवे-पंखे चालूच राहतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. तोडफोडीआधी मेन बंद करून, मेन बोर्डातून निघालेली अर्थची तार कुठे जाते ते परवानाधारक वायरमनकडून शोधून घ्या. पाइपाला गेली असेल तर आधी अर्थिंगचा नवा खड्डा, मग हातोडा.

खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी लांब हवा. त्यात 40 मिमी व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा गाडा आणि वर पाणी ओतायला नरसाळं व झाकण ठेवा. मीठ-कोळसा चालतो, पण मीठ पाइप खातं. भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलेलं जास्त टिकतं. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, पाइपापासून सुटते आणि रोध (करंटला होणारा अडथळा) वाढतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात नेमाने पाणी ओता आणि अर्थ टेस्टरने या रोधाची मोजणी पावसाळ्यानंतर नव्हे, मे महिन्यात करून घ्या. आकडा 5 ओहमच्या आत आला तर उत्तम.

अर्थिंग तपासायला फेज (करंट आणणारी तार) आणि अर्थ यांच्यात दिवा लावून पाहतात, त्यावर विसंबू नका. 100 वॅटचा दिवा जेमतेम 0.43 अँपिअर घेतो; खड्ड्याचा रोध 50 ओहम असला तरी तो जवळजवळ तसाच लखलखतो. शिवाय अर्थ तुटलेला असेल तर त्या दिव्यातून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या धातूच्या भागांवर फेज चढतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. खड्डा चांगला आणि एमसीबी (जादा करंट आला की पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच) नवी, एवढ्याने जीव वाचत नाही. रोध 5 ओहम धरला तर 230 व्होल्टवर जास्तीत जास्त 46 अँपिअर करंट जमिनीत जाईल. 20 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला 100 ते 200 अँपिअर लागतात. ती तापून पडेपर्यंत गिझरची टाकी, नळ, ओली फरशी यांत करंट असतो. तो पटकन तोडते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परतणारा करंट यांत फरक पडला की पडणारा स्विच. ती बसवाच, एमसीबी सोबत राहू द्या, कारण ओव्हरलोडला आरसीसीबी पडत नाही.

जुन्या वायरिंगमध्ये आरसीसीबी बसवताच पडायला लागते. कारण बहुधा दोन खोल्यांचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) एकत्र जोडलेला असतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मिसळलेला असतो, किंवा कुणीतरी सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात तारेचा तुकडा टाकलेला असतो. हा तुकडा जीवघेणा आहे: सॉकेटच्या मागे, बोर्डाच्या बाजूला न्यूट्रल तुटला की गिझरच्या बॉडीवर थेट फेज येतो. दोष शोधून काढा, आरसीसीबी काढू नका.

गिझरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या: 2 किलोवॅटला 2.5 चौरस मिमी, 3 किलोवॅटला 4 चौरस मिमी तांब्याची वायर, आणि हिरवी अर्थ वायरही तेवढ्याच जाडीची. न्हाणीबाहेर 20 अँपिअरचा डबल पोल स्विच लावा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. शॉवरपासून 60 सेंमीच्या आत सॉकेट नको.

जीआय पाइपाचा काही भाग भिंतीत राहणार असेल तर बाँडिंग करा. पाइपावरचा रंग-गंज घासून क्लॅम्प आवळा आणि 4 चौरस मिमी हिरवी-पिवळी वायर गिझरच्या अर्थ टर्मिनलला जोडा. मग दोष आला तरी नळ आणि गिझर यांच्यात व्होल्टेजचा धोकादायक फरक पडत नाही. क्लॅम्प टाइल्सखाली गाडू नका, तपासता आला पाहिजे. प्लास्टिक पाइपावरच्या सुट्या नळाला बाँडिंग लागत नाही.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ते अर्थ नसतानाही काम करतं, म्हणून ते दाबून अर्थिंगची खात्री होत नाही.

बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या एलिमेंटवर क्षार चढतात, आवरण तापून तडकतं आणि करंट पाण्यात झिरपतो. डबल पोल स्विच बंद केल्यावर आरसीसीबी पडायची थांबली, तर एलिमेंट बदलून घ्या आणि तोवर गिझर बंदच ठेवा.