युद्धातून परतलेली मुलं: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे लढून आलेल्या मुलाच्या हातात रोख पैसे ठेवणं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात 2003-04 मध्ये शस्त्रं खाली ठेवणाऱ्याला दोन हप्त्यांत 300 डॉलर मिळत. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था नको म्हणत असताना मुलांनाही तेच लागू झालं. मग कमांडरच पोरांना रांगेत आणून उभे करू लागले, कारण पैशात त्यांचा वाटा. कधी न लढलेल्यांनीही नावं नोंदवली. नोंद लाखाच्या वर गेली, हत्यारं जमली 28 हजारांच्या आसपास. ज्याचं घर जळालं त्याच्या पोराला मात्र छदाम नाही. शेजारी दात धरणारच.

शेजारच्या सिएरा लिओनमध्ये युद्ध 2002 मध्ये संपलं. तिथे अशा मुलांना फी न घेता दाखल करणाऱ्या शाळेला शैक्षणिक किंवा खेळाचं साहित्य मिळे आणि ते सगळ्यांनी वापरायचं. थोराड झालेल्यांना सहा वर्षांचं प्राथमिक शिक्षण तीन वर्षांत उरकायची सोय होती. म्हणून चारच मुलं परतली तरी वह्यांची यादी अख्ख्या वर्गाची करा. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

त्याच देशात बंदूक खोलून जोडून दाखव, मगच मदतीच्या यादीत नाव लिहू, असं मुलांनाही सांगितलं गेलं. स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, कमांडरची ‘बायको’ म्हणून डांबलेल्या मुली दारातूनच परत गेल्या. नोंदल्या गेलेल्या मुलांत शंभरात दहाही मुली नव्हत्या. मुलींची नोंद वेगळ्या ठिकाणी, बाईनेच करावी, आणि कडेवरचं बाळही त्याच कागदावर लिहावं.

आल्या आल्या “काय काय पाहिलंस?” विचारू नका. एका बैठकीत सगळं वदवून घ्यायची नव्या कार्यकर्त्यांना भारी हौस. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. जेवणाची वेळ ठरलेली, रोज तोच माणूस समोर आणि दुपारी खेळ, एवढं आधी जमवा. महिन्यानंतरही झोप, जेवण, खेळ रुळावर नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवा.

मुलांना तात्पुरत्या निवाऱ्याच्या केंद्रात महिनोन्‌महिने ठेवू नका, घर शोधायला पहिल्या दिवसापासून लागा.

फोटो नकोत. पाठमोरेही नकोत.

उत्तर युगांडात अचोली जमातीची माणसं परतलेल्याला घरात घेण्याआधी अंड्यावर पाय द्यायला लावतात. नाक मुरडू नका. तारीख गावाला ठरवू द्या, आणि संस्थेची गाडी लांब उभी करा.