तिसऱ्या घंटेच्या आधी : मोकळ्या प्रयोगासाठी प्रेक्षकांची तयारी

नाटक तेच, संच तोच, संवादही तेच. मोकळ्या प्रयोगात सैल होतात ते प्रेक्षागृहाचे नियम. कुणी मध्येच उठून फेरी मारली, नको तिथे हसलं, एकच वाक्य दहादा म्हटलं, खुर्चीत झुलत राहिलं, तरी त्याला 'शूऽऽ' करायचं नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली माणसं, विसरभोळेपणाच्या आजारातले आजी-आजोबा, तान्हं बाळ कडेवर घेतलेली आई, या सगळ्यांना नाटक बघता यावं एवढाच हेतू. इंग्रजीत याला रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वमग्न प्रेक्षकांना धरून पहिला प्रयोग २०११ साली झाला.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असा प्रयोग लावताना मंडळी आधी दिवे आणि आवाज यांच्या मागे लागतात. ते सोपं काम आहे. अवघड काम प्रेक्षकांचं. मोठ्या आवाजापेक्षा अचानक आलेला आवाज जास्त त्रास देतो. ढोल वाजणार हे आठवडाभर आधी कळलेलं मूल ढोल सुरू झाला की कानांवर हात ठेवून बसून राहू शकतं. न सांगता वाजलेली साधी शिट्टी त्याला दाराबाहेर पळवते. म्हणून खालची सगळी खटपट एकाच कामासाठी आहे : काय होणार ते आधी सांगणं.

तारीख, वेळ, नाटक

पहिल्यांदा लावत असाल तर ६० ते ७५ मिनिटांचं बालनाट्य घ्या. तीन अंकी नाटकाचा हट्ट नको. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हॉलपर्यंत पोचेतोच मुलं कावलेली असतात. शिवाय उन्हाळ्यात कूलर लावावे लागतात. मोठ्या कूलरची घरघर संवाद गिळते, आणि ओल्या वाळ्याचा वास काहींना सहन होत नाही. वेळ सकाळी ११ ची बरी. शहादा, चोपडा, साक्रीहून येणाऱ्यांना एसटीनं येऊन दिवसाउजेडी परत जाता आलं पाहिजे.

तारीख पक्की करण्याआधी हॉलच्या आजूबाजूची मंगल कार्यालयं विचारून घ्या. लग्नाची तिथी असेल तर डीजे बाहेर वाजतो आणि तुमचं आवाजाचं सगळं नियोजन वाया जातं. श्रावणात लावायची वेळ आलीच तर खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा रविवार आणि विसर्जनाचा सोमवार विचारातही घेऊ नका. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या उघड्या जागेत रस्त्याचा आवाज अडवता येत नाही, अंधार-उजेडही हातात राहत नाही; पहिल्या प्रयोगाला बंदिस्त हॉल घ्यावा.

हॉलच्या व्यवस्थापकाला अर्ज देताना दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचा उल्लेख करा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नता त्यातच येते, आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभागाच्या हक्काचं कलम २९ आहे. दारं उघडी ठेवणं, दिवे पेटते ठेवणं यांना परवानगी मागताना हा कागद कामी येतो.

तिकिटं

हॉलची क्षमता ६०० असेल तर ३०० च विका. एकाआड एक रांग रिकामी ठेवलीत तर उठबस करताना कुणाचे पाय तुडवले जात नाहीत. कडेच्या खुर्च्या आधी फोनवर बुकिंग करणाऱ्यांना द्या. फोनची सोय ठेवाच. फक्त ऑनलाइन ठेवलंत तर तालुक्याचा प्रेक्षक गेला. फोन घेणाऱ्यानं चारच गोष्टी विचाराव्यात : व्हीलचेअर आहे का, दाराजवळ बसायचं की मागे, कशानं त्रास होतो, सोबत कोण येणार. प्रमाणपत्र मागू नये. सोबत्याचं तिकीट मोफत. आणि हे स्पष्ट छापा : दहा मिनिटांत उठून जावं लागलं तर पैसे परत. हे वाक्य वाचूनच कित्येक पालक तिकीट काढायला धजावतात.

जाहिरातीत 'फक्त दिव्यांगांसाठी' असं लिहू नका. प्रयोग सगळ्यांसाठी खुला आहे, पण हॉलमध्ये हालचाल आणि आवाज असेल, असं लिहा.

सचित्र पुस्तिका

तयारीचा कणा ही पुस्तिका. अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी 'सोशल स्टोरी'ची पद्धत मांडली. नवी जागा, नवा प्रसंग साध्या वाक्यांत आणि चित्रांत आधी दाखवायचा. नाट्यगृहासाठीची पुस्तिका त्याच वळणाची असते.

१२ ते १४ पानं पुरतात. एका पानावर एक फोटो आणि दोन-तीन वाक्यं. अक्षर किमान १८ पॉइंटचं, पार्श्वभूमी फिक्या पिवळ्या रंगाची. वाक्यं 'मी'ची : 'मी रिक्षातून उतरेन. समोर मोठं फाटक दिसेल.' क्रम घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा : फाटक, चप्पल-बूट काढायचे की नाहीत, तिकीट तपासणारे काका, पायऱ्या किंवा उतार, खुर्ची (दुमडणारी असेल तर ती 'धप्' वाजते हेही), स्वच्छतागृह, शांत खोली, पडदा, नट साध्या कपड्यांत, तेच नट रंगभूषा करून, शेवटच्या टाळ्या, परतीचा रस्ता.

फोटो ज्या वेळी प्रयोग आहे त्याच वेळी काढा. संध्याकाळी झगमगाटात काढलेलं फाटक सकाळी ११ वाजता ओळखू येत नाही, आणि पुस्तिका पाठ केलेलं मूल 'हे ते नाही' म्हणून दारातच अडून बसतं. स्वच्छतागृहाचा फोटो लाज वाटते म्हणून गाळू नका. भारतीय की कमोड, कडी कशी लागते, हे कळणं गरजेचं असतं. बेतात बदल होऊ शकेल तिथे 'कदाचित' लिहा. 'माझ्या शेजारी कुणी बसणार नाही' असं लिहून ऐनवेळी कुणी बसलं तर सगळ्या पुस्तिकेवरचा विश्वास उडतो. 'मी गप्प बसेन', 'मला मजा येईल' अशी वाक्यंही नकोत. पहिलं हुकूम आहे आणि दुसरं तुमच्या हातात नाही.

पुस्तिका पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रयोगाच्या दोन ते तीन आठवडे आधी पाठवा. आदल्या दिवशी पाठवलेली पुस्तिका म्हणजे नुसती जाहिरात. मुलाला ती रोज एकदा ऐकून मुरवावी लागते. सोबत चार मिनिटांची ध्वनिफीत द्या, प्रमाण मराठीत आणि अहिराणीतही. घरात 'आठे ये', 'तठे बठ' ऐकणाऱ्या लेकराला 'कृपया आसनस्थ व्हा' कळायचं नाही. यावल-रावेरकडे लेवा बोलीतला आवाज हवा, अक्कलकुवा-धडगावकडे भिलोरी किंवा पावरी. तिथल्याच शाळेतल्या बाईंना किंवा गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना वाचायला सांगा; नटाचा भारदस्त आवाज इथे उपयोगाचा नाही.

मिनिटवार पत्रक

पुस्तिका मुलासाठी, हे पत्रक सोबत्यासाठी. एका पानावर नाटकाचा घटनाक्रम मिनिटांसह : '१२ वे मिनिट, ढगांचा गडगडाट, ५ सेकंद, त्याआधी मंचावर निळा उजेड', '३१ वे मिनिट, आई रडते, गाणं हळू', '४४ वे मिनिट, नट प्रेक्षकांतून चालत येतो, डाव्या वाटेनं'. प्रत्येक नोंदीआधी त्याची खूण लिहा, कारण मंद उजेडात घड्याळ कुणी बघत नाही. रडणं, भांडण, मरण हे प्रसंगही नोंदवा. मुलं फक्त आवाजानं बिथरत नाहीत. हे पत्रक तालमीच्या वेळी घड्याळ लावून बनवावं लागतं, संहितेवरून अंदाजानं बनवलेलं पाच-सात मिनिटांनी चुकतं.

शेवट काय होणार तेही सांगून टाका. रहस्य फुटेल ही नाटकवाल्यांची कुरकुर असते, पण शेवट माहीत नसणं हेच ज्यांना असह्य होतं त्यांच्यासाठी हा प्रयोग आहे.

हॉल

प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवायचे नाहीत, साधारण चौथ्या हिश्शावर ठेवायचे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये उजेड कमी-जास्त करणारा डिमर फक्त मंचाला असतो, प्रेक्षागृहात नुसते बटणावरचे दिवे. तिथे भिंतीकडे तोंड केलेले पिवळे एलईडी दिवे दोन्ही बाजूंना लावा. लुकलुकणारी जुनी ट्यूब आधी बदला. प्रेक्षागृह उजळलं की मंच फिका वाटतो, तेव्हा समोरचा उजेड थोडा वाढवावा लागतो. झपझप लुकलुकणारा स्ट्रोब दिवा बंद. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारा प्रकाश फिट येणाऱ्यांना धोक्याचा असतो. धुराचं यंत्रही बंद.

आवाजाचे फक्त टोकाचे क्षण खाली आणा. सगळाच आवाज पाडला की मागच्यांना संवाद ऐकू येत नाहीत आणि ते आपसांत बोलू लागतात. माइकची कर्कश शिट्टी हा सगळ्यात वाईट अपघात, म्हणून ध्वनितपासणी दारं उघडण्याआधी तासभर संपवा. वीज गेली तर काय, हेही ठरवा. जनरेटर सुरू होईपर्यंतचा मिट्ट काळोख टाळायला बॅटरीवरचे चार दिवे आधीच पेटते ठेवा.

रंगमंचाची पूजा, नारळ आणि धूप प्रेक्षक येण्याच्या तासभर आधी उरका. धुपाचा वास बंद हॉलमध्ये रेंगाळतो.

उताराचं प्रमाण १ ला १२. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा. मंडपवाला एक मीटरची फळी टाकून 'झालं' म्हणतो. ती घसरगुंडी असते. व्हीलचेअरला साधारण ९० बाय १२० सेंटीमीटर जागा ठेवा, तीही कुटुंबाच्या शेजारी, सगळ्या एका कोपऱ्यात नाही.

शांत खोलीसाठी हॉलपासून ३० पावलांच्या आतली खोली घ्या : दोन गाद्या, चटई, मंद दिवा, पाणी. खेळण्यांचा ढीग नको, नाहीतर ती दुसरी जत्रा होते. जमलं तर मंचाचं चित्र बिनआवाजी टीव्हीवर दाखवा. शांत झालेलं मूल त्यावरून परत यायचं की नाही ते ठरवतं. आवाज अडवणारे, कानावर लावायचे मफ औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात. वीसेक पुरतात, पण लहान डोक्याला बसतात का ते बघून घ्या.

दारावरची माणसं

महाविद्यालयातल्या एनएसएसच्या मुलांना घ्या, दर ३० प्रेक्षकांमागे एक. पाऊण तासाचं शिक्षण पुरतं. एका रंगाची टोपी, बॅटरीचा झोत कायम जमिनीकडे. बोलायचं एकच : 'काही लागलं तर सांगा.' मुलाचा हात धरायचा नाही, पालकाला 'त्याला जरा आवरा' म्हणायचं नाही. मंचाच्या दोन्ही पायऱ्यांशी एकेक जण बसवा. मूल मंचावर चढलं तर नटानं ओरडायचं नाही. तिथेच थांबायचं, वायरींपासून दूर उभं राहायचं, सोबती येईपर्यंत मुलाशी सहज बोलायचं.

फिट आली तर आजूबाजूची जागा मोकळी करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. कुणीतरी हमखास पुढे येतं, त्याला अडवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

त्या दिवशी

दारं ४५ मिनिटं आधी उघडा. घंटा तीनच, पण आवाज निम्मा, आणि प्रत्येक घंटेआधी सांगून : 'आता पहिली घंटा होईल.' तिसऱ्या घंटेनंतर पडदा लगेच उघडत नाही. नट साध्या चेहऱ्यानं पुढे येतात, नाव सांगतात, लाकडी तलवार दाखवतात, राक्षसाचा मुखवटा लावून काढून दाखवतात, गडगडाट एकदा वाजवून दाखवतात. पाच ते सात मिनिटं. याहून लांबलं की मुलं कंटाळतात.

खाणं घरून आणू द्या. वेफर्सची पुडी कुरकुरते. जळगावात केळ्यासारखं बिनआवाजी खाणं मुबलक आहे, तेच सुचवा.

टाळ्या मात्र कुणाच्याच हातात नसतात, आणि अनेकांना त्या गडगडाटापेक्षा बोचतात. सुरुवातीलाच सगळ्यांना हात वर करून पंजे हलवायला शिकवा. कर्णबधिर मंडळी तशीच दाद देतात. तरी काही जण टाळ्या वाजवतीलच, म्हणून पत्रकात गाण्यांच्या शेवटी 'टाळ्या' लिहून ठेवा.

नेहमीचा प्रेक्षक

सगळ्यात जास्त तयारी याची करावी लागते. हौशी नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षं शांत बसून बघणाऱ्या रसिकाला शेजारची बडबड म्हणजे नाटकाचा अपमान वाटतो. तो मागे वळून नुसता बघतो, आणि ती एक नजर पालकांना घरी पाठवायला पुरते. त्याच्या तिकिटावर मोठ्या अक्षरात छापा : 'या प्रयोगात प्रेक्षकही बोलतील.' फोनवर बुकिंग घेताना हे तोंडानं सांगा. ज्याला चालणार नाही त्याला नेहमीच्या प्रयोगाचं तिकीट बदलून द्या, वाद घालू नका. नटांनाही हेच. तालमीत पंधरा मिनिटं सहकाऱ्यांना मुद्दाम बोलायला, फिरायला लावा, म्हणजे कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं ते अंगवळणी पडतं.

प्रयोग संपल्यावर सगळ्यांना एकदम बाहेर काढू नका. दारात गर्दी झाली की तासभर टिकलेला धीर तिथेच सुटतो. आधी कडेचे, मग मधले, आणि ज्यांना बसून राहायचंय त्यांच्यासाठी हॉल अर्धा तास जास्तीचा भाड्यानं घेतलेला असावा.